वाचक विचारतात : नळाला आलेले पाणी

पाण्याविषयी गोव्यातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा या वेळी नेहमीपेक्षा जाड आहे आणि निम्म्याहून अधिक पत्रांत प्रश्न एकच आहे : आमच्या नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे का? बरीच वर्षे जलशुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत काम केल्यानंतरही या प्रश्नाला मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रकल्पाच्या फाटकातून निघताना पाणी एक असते, आणि गच्चीवरच्या टाकीत तीन दिवस काढून आपल्या पेल्यात उतरते तेव्हा ते दुसरेच झालेले असू शकते. म्हणून खालच्या उत्तरांत मी वारंवार एकच उलटा प्रश्न विचारला आहे, तो म्हणजे आपण कोणत्या ठिकाणच्या पाण्याविषयी बोलत आहोत.

प्रश्न : आम्ही फोंड्याजवळ कुर्टी येथे राहतो. ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प आमच्या घरापासून फार दूर नाही. तरीही जून-जुलैत नळाला गढूळ, कधी तांबूस पाणी येते. इतक्या जवळ असून हे हाल, तर पणजीवाल्यांचे काय? प्रकल्पात पाणी गाळतच नाहीत काय? (एक वाचक, कुर्टी)

उत्तर : गाळतात, परंतु पावसाळ्यातले नदीचे पाणी नुसते गाळून स्वच्छ होत नाही. ओपाचा प्रकल्प खांडेपार नदीवर आहे आणि ही नदी दूधसागराच्या बाजूने, घाटाची माती घेऊन खाली येते. या मातीचे अतिसूक्ष्म कण एकाच प्रकारचा विद्युतभार बाळगत असल्यामुळे एकमेकांना दूर लोटत राहतात, त्यामुळे बादलीत भरून ठेवलेले पाणी दोन दिवसांनीही निवळत नाही, हे आपण पाहिले असेल. तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराईड घातले की हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात आणि उरलेले वाळूच्या गाळणीत अडकतात.

प्रश्न येतो तो किती तुरटी घालायची याचा. त्यासाठी प्रयोगशाळेत एक चाचणी करतात, ती मी हजारो वेळा केली असेन. एका रांगेत एकेक लिटरची सहा काचपात्रे ठेवायची, प्रत्येकात नदीचे तेच पाणी आणि तुरटीचे प्रमाण मात्र चढते. वरून सोडलेली पाती आधी मिनिटभर वेगाने फिरवायची, मग पंधरा-वीस मिनिटे अगदी हळू, आणि नंतर बंद करून स्वस्थ पाहत बसायचे. पहिल्या दोन पात्रांत काहीच घडत नाही. तिसऱ्यात धुके जमल्यासारखे दिसते. चौथ्यात फुटलेल्या दुधासारखे पुंजके तयार होतात आणि अर्ध्या तासात तळाशी जातात, वरचे पाणी काचेसारखे होते. सहाव्यात गंमत अशी होते की तुरटी जास्त झाल्याने पाणी पुन्हा धूसर राहते आणि आम्लताही वाढते. म्हणजे कमी चालत नाही आणि अधिकही चालत नाही. जोराचा पाऊस पडला की नदीचा गढूळपणा तासातासाला बदलतो, त्यामुळे संध्याकाळी ठरवलेले प्रमाण मध्यरात्री चुकीचे ठरते. ज्या प्रकल्पात रात्रपाळीचा रसायनतज्ज्ञ उठून ही चाचणी पुन्हा करतो, तिथले पाणी सकाळी स्वच्छ असते. शिवाय गाळण्या लवकर तुंबतात, त्या उलट्या प्रवाहाने पुनःपुन्हा धुवाव्या लागतात आणि तेवढा वेळ पाण्याचे उत्पादन घटते. पुराच्या दिवसांत पुरवठा कमी दाबाने होतो किंवा बंद राहतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. अशा वेळी गढूळ पाणी सोडण्यापेक्षा न सोडणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग वर्तमानपत्रांतून कितीही टीका होवो.

भारतीय मानकानुसार, म्हणजे आय.एस. १०५०० नुसार, पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एन.टी.यू. (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) इतका असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा. पेल्यातले पाणी आपल्या डोळ्यांना गढूळ दिसू लागते ते साधारण चार-पाच एककांनंतर. म्हणजे आपल्याला गढूळपणा दिसला, तेव्हा मर्यादा संपलेली किंवा ओलांडलेली असते. केवळ दिसायला वाईट म्हणून ही मर्यादा घातलेली नाही. मातीच्या कणांच्या आड जंतू क्लोरीनपासून बचावतात, हे तिचे खरे कारण आहे.

आता आपल्या तांबूस पाण्याविषयी. प्रकल्पाच्या जवळ राहण्याचा या बाबतीत फारसा उपयोग नाही, कारण पाणी आपल्याकडे थेट येत नाही. ते आधी उंचावरच्या साठवण टाकीत जाते आणि तेथून आपल्या गल्लीतल्या, कदाचित चाळीस वर्षे जुन्या, वाहिनीतून खाली उतरते. वाहिनी काही तास रिकामी राहिली आणि मग एकदम दाबाने पाणी आले, की आतल्या बाजूला बसलेला गंज व गाळ सुटतो. एक काचेची बाटली भरून रात्रभर ठेवावी. सकाळी तळाशी तांबडे कण बसलेले आणि वरचे पाणी नितळ असेल तर तो वाहिनीतला गंज होय, आणि तो पहिली दहा मिनिटे पाणी वाहू दिल्यास बहुधा निघून जातो. पाणी अजूनही सगळीकडे सारखेच मातकट असेल तर माती गाळणीतून सुटली आहे किंवा वाटेत वाहिनी फुटून आत शिरली आहे, आणि ही तक्रार त्याच दिवशी करावी. दुधासारखे पांढरे पाणी मिनिटभरात तळाकडून वर स्वच्छ होत गेले तर त्यात केवळ हवा आहे, ते निःशंक प्यावे.

न्हाणीघरातील लादीवर काळसर-तपकिरी डाग पडतात, अशी पत्रे सासष्टी आणि मुरगावातून आली आहेत. तो मँगनीजचा डाग असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या डोंगरांत लोहखनिजाबरोबर मँगनीजही आहे. खोल जलाशयाच्या तळाशी उन्हाळ्यात प्राणवायू संपतो, तेव्हा गाळातले मँगनीज विरघळून पाण्यात येते, दिसत नाही, आणि क्लोरीनशी गाठ पडल्यावर हळूहळू काळे होऊन वाहिनीत, टाकीत, बादलीत बसते. जलाशयातून पाणी कोणत्या उंचीवरच्या दारातून घेतले जाते, यावर हा त्रास बराचसा अवलंबून असतो.

प्रश्न : म्हापशात आम्हाला अस्नोड्याच्या प्रकल्पाचे पाणी मिळते. काही दिवस त्याला क्लोरीनचा एवढा वास येतो की चहाची चव बिघडते, आणि काही दिवस वास अजिबात नसतो. हा वास आरोग्याला घातक आहे का? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : ज्या दिवशी वास येत नाही, त्या दिवसाची मला अधिक काळजी वाटते. पाण्यात घातलेला क्लोरीन आधी पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश, लोह, मँगनीज, अमोनिया यांच्यावर खर्च होतो. हे सर्व भागवून जो उरतो, तो उर्वरित क्लोरीन, आणि आपल्या घरापर्यंतच्या प्रवासात पाण्याला तेवढीच काय ती राखण असते. मानकानुसार नळावर तो दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असला पाहिजे, विषाणूजन्य साथीपासून बचाव हवा असेल तेव्हा ०.५, आणि कमाल मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेतल्या क्लोरीनचा वास येतो, पण त्याने अपाय होत नाही.

सर्वांत उग्र वास पुष्कळदा क्लोरीन जास्त झाल्याने न येता तो पुरेसा न पडल्याने येतो, कारण अमोनियाशी अर्धवट संयोग होऊन तयार होणारी संयुगे निव्वळ क्लोरीनपेक्षा अधिक वास मारतात. हे कोणालाही चटकन पटत नाही. आमच्या पाळीवरच्या नव्या मदतनिसालाही ते पटवून देताना माझी दमछाक होत असे. क्लोरीन आणि सेंद्रिय द्रव्ये यांच्या संयोगाने काही उपद्रवी संयुगे बनतात हेही खरे आहे आणि मानकात त्यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत, परंतु त्यांच्या धास्तीने जंतुनाशन कमी करणे म्हणजे कावीळ आणि हगवण पदरात घेणे होय. चहासाठी पाणी उघड्या पातेल्यात दोन-चार तास ठेवावे, वास उडून जाईल. मात्र त्याबरोबर राखणही उडते, तेव्हा ते झाकून ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

प्रश्न : पणजीतील आमच्या सोसायटीत एका विक्रेत्याने प्रात्यक्षिक केले. दोन पेले घेतले, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आर.ओ. यंत्राचे. दोन्हींत विजेच्या सळया बुडवल्या. नळाचे पाणी मिनिटात तपकिरी आणि गचाळ झाले, यंत्राचे तसेच राहिले. सगळ्या बायका घाबरून गेल्या आणि चौघांनी यंत्र घेतले. आम्ही घ्यावे काय? (एक सदनिकाधारक, पणजी)

उत्तर : तो तपकिरी गाळ आपल्या नळाच्या पाण्यातला नव्हता. तो त्याच्या सळयांचा होता. त्या सळयांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात थोडेसे क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंज पेल्यात दिसतो. आर.ओ.च्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्याने त्यातून वीज वाहत नाही आणि म्हणून काहीच घडत नाही. पुन्हा असा कोणी दारी आला तर त्याच्याच शुद्ध पाण्याच्या पेल्यात घरातले चिमूटभर मीठ टाकावे आणि सळया पुन्हा बुडवायला सांगावे. तो पेला पहिल्यापेक्षाही काळा होईल. आमच्या शेजारी हा प्रयोग एका शाळकरी मुलीने केला, तेव्हा विक्रेत्याने वीज गेली असे सांगून सामान आवरले. पंखा मात्र फिरत होता.

आर.ओ. यंत्राचे काम विरघळलेले क्षार काढणे हे आहे. जिथे कूपनलिकेचे पाणी खारट आहे, फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त आहे, तिथे त्याचा उपयोग निर्विवाद आहे. आपल्याकडचे नळाचे पाणी बहुतांशी घाटातून येणाऱ्या नद्यांचे आणि धरणांचे आहे, आणि त्यात क्षार मुळातच अल्प असतात. विरघळलेल्या एकूण क्षारांची मानकातली इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याखाली क्षार असलेल्या पाण्यावर आर.ओ. वापरण्यास बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला बजावले होते, ते याच कारणासाठी. हे यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर गटारात सोडते. विक्रेत्याच्या हातातले टी.डी.एस. मोजण्याचे पेन क्षार मोजते, जंतू मोजत नाही. त्यावर ४० आकडा दाखवणाऱ्या पाण्यातही मैल्याचे जंतू असू शकतात.

घरात एखादे उपकरण हवेच असेल तर गाळ अडवणारी गाळणी आणि अतिनील किरणांचा दिवा असलेले साधे यंत्र पुरे आहे. कोळशाची गाळणी क्लोरीन शोषून घेते, म्हणून तिच्यातून निघालेले पाणी साठवून ठेवू नये, आणि तिची कांडी वेळच्या वेळी बदलावी. जुनी कांडी हेच जंतूंचे बिऱ्हाड होते.

यंत्राच्या आधी मात्र आपण सर्वांनी मिळून खाली जाऊन सोसायटीचा संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, पाहावा. माझ्या ओळखीच्या एका वसाहतीत मुलांच्या पोटाच्या तक्रारी थांबेनात. प्रत्येक घरात महागडे यंत्र होते, दात घासायला आणि भाजी धुवायला मात्र सगळे साधा नळच वापरत. मी संपाचे झाकण पाहिले तर ते गाड्या उभ्या करण्याच्या फरशीच्या अगदी पातळीला होते, कडेला बोटभर फट, आणि शेजारीच एक गृहस्थ गाडी धूत होते. साबणाचे पाणी वळणे घेत घेत त्या फटीकडे चालले होते. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी तुंबते, असे रखवालदाराने सांगितले. आम्ही झाकणाभोवती नऊ इंचांचा कट्टा बांधून घेतला, वरून झाकण पत्र्याने मढवले आणि संप उपसून घासला. त्यानंतर मुलांच्या तक्रारी कमी झाल्याचे त्या घरांतून कळले.

टाकी सहा महिन्यांतून एकदा, आणि पहिली खेप पावसाळ्याआधी, रिकामी करून घासावी. मग ती भरून दर हजार लिटरला १५० ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर मिसळावी. त्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असल्याने पाण्यात दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन येतो. रात्रभर ठेवून सकाळी हे सर्व पाणी सोडून द्यावे, पुन्हा भरावे आणि तेही एकदा सोडून द्यावे. हे पाणी पिण्याचे नव्हे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे आणि नळांवर कागद चिकटवावा, कारण सांगितलेले रात्रीत विसरले जाते.

प्रश्न : गेल्या अंकातील एका उत्तरात आपण "तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होते" असे लिहिले होते. माझ्या आईने त्यानंतर उकळणे बंद केले आहे. (एक शिक्षक, डिचोली)

उत्तर : चूक माझी आहे. तुरटीने पाणी निवळते आणि मातीबरोबर काही जंतूही खाली बसतात, परंतु उरलेले मरत नाहीत. मी "निवळते" लिहायला हवे होते. आपल्या मातोश्रींना माझ्यातर्फे सांगावे की पाणी तुरटीने निवळून, वरचे अलगद ओतून घेऊन, मग उकळावे. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे; वीस मिनिटे उकळून गॅस जाळण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या घरची बांय (विहीर) आजोबांच्या काळातली आहे आणि आम्ही अजूनही तिचेच पाणी पितो, नळाचे पाणी धुण्याभांड्याला. गावात कावीळ झाल्यापासून डॉक्टर नळाचे प्या म्हणतात. शिवाय बांयचे पाणी ज्या नळाला येते, त्याच्याखाली बेसिनवर हिरवा डाग पडतो. बांयचे पाणी बिघडले की काय? (एक वाचक, पेडणे तालुका)

उत्तर : हिरव्या डागापासून सुरुवात करतो, कारण त्याचा काविळीशी संबंध नाही. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी स्वभावतःच किंचित आम्ल असते. मानकानुसार पाण्याचा सामू (पीएच) ६.५ ते ८.५ असावा, आणि आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचा तो यापेक्षा खाली असतो. असे पाणी रात्रभर पितळी नळात थांबले की त्यातले तांबे खाते आणि सकाळच्या पहिल्या थेंबांबरोबर ते बेसिनवर उतरते. लोखंडी पाइप याच कारणाने लवकर सडतात. सकाळी पहिले लोटाभर पाणी पिण्याला घेऊ नये, आणि पाइप बदलायची वेळ आली की प्लास्टिकचा घालावा.

कावीळ हा वेगळा विषय आहे आणि त्यात डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. आजोबांच्या काळात विहीर तीच होती, पण तिच्या शेजारी सेप्टिक टँक नव्हता. जांभा वरून चिऱ्यासारखा घट्ट दिसतो, पण त्याच्या पोटात पोकळ्या आणि वाटा असतात. वाळूतून जाताना पाणी गाळले जाते, तसे इथे गाळले जात नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान १५ मीटर अंतर हवे असे सांगितले जाते, आणि जांभ्यात मला तेही अपुरे वाटते. त्यातून पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येऊन शोषखड्ड्याच्या तळाला टेकते, मग खड्डा आणि विहीर यांच्यात काही आडकाठीच उरत नाही. शेजाऱ्याचे नवे घर कुठे झाले आहे आणि त्याचा खड्डा कोणत्या बाजूला आहे, हे पाहून घ्यावे; आपला खड्डा दूर असला तरी त्याचा आपल्या बांयच्या वरच्या अंगाला असू शकतो.

विहीर सोडून द्या असे मी म्हणणार नाही. ती राखावी, कठडा आणि भोवतीचा ओटा भेगा बुजवून पक्का करावा, वर जाळी घालावी, आणि पिण्याचे पाणी घ्यायचेच असेल तर उकळून घ्यावे. साथीच्या दिवसांत क्लोरीनही घालावा. त्याचा हिशेब सोपा आहे. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर आहे, तर ३ गुणिले ३ गुणिले ४ याला ३.१४ ने गुणून ४ ने भागावे, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, अर्थात २८ हजार लिटर पाणी होते. दर हजार लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणाने ७० ग्रॅम लागेल. पाणी फार गढूळ असेल तर अधिक. ती कोरडी टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग बादली भरून पाच-दहा मिनिटे ठेवावी, पावडरीतला चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतावी, आणि ती बादली विहिरीत सोडून पाण्याखाली वरखाली हलवावी. चुना विहिरीत घालू नये, पाणी कठीण होते. संध्याकाळी हे केले तर सकाळी पाणी वापरता येते. पावडर उघड्या पिशवीत महिनाभर पडलेली असेल तर तिच्यात दम राहत नाही, नवी आणावी.

एक गोष्ट आपण लिहिली नाही पण पुष्कळ घरांत असते, म्हणून विचारतो : बांयचा पंप आणि सरकारी नळ एकाच टाकीला एकाच पाइपने जोडलेले नाहीत ना? तसे असेल आणि मध्ये एकदिशा झडप नसेल, तर सरकारी वाहिनीतला दाब गेल्यावर आपल्या बांयचे पाणी उलटे तिच्यात जाऊ शकते आणि शेजाऱ्यांच्या नळाला निघते. दोन्ही जोडण्या तोडून वेगळ्या कराव्यात.

प्रश्न : गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मग एप्रिल-मेमध्ये टँकर का लागतात? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : कारण तो चार महिन्यांत पडतो आणि आपल्या नद्या शंभर किलोमीटरही लांब नसल्याने बघता बघता समुद्राला मिळतो. उन्हाळ्यात उलट भरतीचे खारे पाणी मांडवी-जुवारीत कित्येक किलोमीटर आत शिरते, त्यामुळे पाणी उचलायचे ते वरच्या अंगाला, बंधारे घालून. साठा म्हणावा असा सांग्याच्या साळावली धरणात आहे. आपल्या मडगावचे पाणी तिथलेच, शेळपे येथे शुद्ध होऊन येते. मे महिन्यात जलाशय उतरला की बुडालेल्या कुर्डी गावातले सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि विस्थापित झालेली माणसे तिथे उत्सवाला जमतात. साठा किती उरला याचे इतके बोलके माप दुसरे नाही. बार्देश आणि पेडण्याची भिस्त तिळारीच्या कालव्यावर आहे, आणि कालवा दुरुस्तीला निघाला की तिथले नळ आटतात.

टँकरचे कारण मात्र नेहमीच धरण नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे नद्या दुथडी भरून वाहत असताना, केरये-खांडेपार येथे रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी मुख्य वाहिन्या फुटल्या आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांत, राजधानीसह, कित्येक दिवस नळ कोरडे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याला "हर घर जल" प्रमाणपत्र मिळाले, ते ग्रामीण घरांच्या जोडण्यांबद्दल. जोडणी असणे आणि तिला सकाळी पाणी येणे या दोन गोष्टींतील अंतर टँकरवाल्यांना चांगले ठाऊक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने महिना १६ हजार लिटर पाणी मोफत केले होते. चार माणसांच्या घराला ते माणशी रोज १३३ लिटर पडते, म्हणजे शहरांसाठी धरतात त्या १३५ लिटरच्या जवळपास. पाणी पुरेसे ठरवले आहे. ते डोंगरावरच्या शेवटच्या घरापर्यंत दाबाने पोहोचत नाही. आणि खालच्या घरांनी वाहिनीलाच पंप लावले की वरच्यांचा उरलासुरला दाबही जातो, शिवाय पंप रिकाम्या वाहिनीतून फटींतली घाणही ओढून घेतो. हा पंप लावणारे गृहस्थ गढूळ पाण्याचे पत्र मला सर्वांत आधी पाठवतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या नळाच्या पाण्याला आठवडाभर गटारासारखा वास येतो. तक्रार केली, लाईनमन येऊन पाहून गेला आणि "आता ठीक आहे" म्हणाला. पुढे काय करावे? (एक वाचक, साखळी)

उत्तर : लाईनमन आला तेव्हा पाणी खरेच ठीक असेल. वाहिनी गटारातून किंवा गटाराला लागून जात असेल आणि तिला भोक असेल, तर पाणी बंद असण्याच्या वेळात घाण आत येते आणि सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत आपल्याकडे निघते. नंतर वाहिनी धुतली जाते. म्हणून चार दिवस वहीत नोंद ठेवावी : पाणी किती वाजता आले, वास किती मिनिटे टिकला, वाहिनीच्या त्याच फांदीवरच्या कोणकोणत्या घरांत आला. आपल्यापासून वास सुरू होतो आणि आधीच्या घरात नाही, एवढे कळले तरी खोदायचे कुठे ते कळते. ही नोंद जोडून पाणीपुरवठा उपविभागाच्या साहाय्यक अभियंत्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोचेचा शिक्का घ्यावा.

त्याबरोबर नमुना तपासून घ्यावा. जल जीवन मिशनखालील पाणी तपासणी प्रयोगशाळा नागरिकांनाही माफक शुल्कात नमुने तपासून देतात. जंतूंच्या चाचणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच न्यावी. ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्या तळाशी क्लोरीन मारणारे औषध घातलेले असते, म्हणून ती विसळू नये. धुतलेल्या सरबताच्या बाटलीत आणलेले नमुने आम्ही परत पाठवत असू आणि लोक रागावत असत. नळाची जाळी काढावी, धातूचा नळ असेल तर तोंड ज्योतीने तापवावे, दोन-तीन मिनिटे पाणी सोडावे, बोट न लावता बाटली भरावी आणि वर थोडी जागा ठेवावी. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावी. आपल्या बाबतीत मात्र पाणी आल्या आल्या पडणाऱ्या पहिल्या धारेचा वेगळा नमुनाही घ्यावा, नाहीतर लाईनमनला जे दिसले तेच प्रयोगशाळेला दिसेल. तिसरा नमुना गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा.

तिन्ही बाटल्यांवर वेळ आणि जागा लिहावी. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जंतू मुळीच आढळता कामा नये, इथे "थोडासा चालतो" अशी तडजोड मानकात नाही. पहिल्या धारेत तो सापडला तर वाहिनी दुरुस्त करणे हे खात्याचे काम आहे. थेट नळाचे दोन्ही नमुने निर्दोष निघाले आणि टाकीच्याच पाण्यात सापडला, तर शिडी आणि ब्रश आपल्याला शोधावा लागेल. निकाल येईपर्यंत पाणी उकळून झाकून ठेवावे आणि पेला बुडवून न घेता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.